भीमेच्या फुगवट्याकाठी

ज्या गावाला सरोवर जन्मापासूनच लाभलेले असते त्या गावाची कथा बहुधा सरोवराइतकीच संथ असते. परंतु ज्या गावाने शतकानुशतके नदीच्या काठी नांदून, तिच्या वाळवंटात पोरांना पोहायला शिकवून, तिच्या मळीच्या जमिनीवर जोंधळा पिकवून, एका पिढीच्या हयातीतच त्या नदीचे सरोवर झालेले पाहिले, त्या गावाला मनात दोन काठ वागवावे लागतात: एक डोळ्यांसमोरचा आणि एक बुडालेला. पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, इंदापूर तालुक्यात, भिगवण आणि पळसदेव यांच्या दरम्यान सोलापूरच्या हमरस्त्यालगत वसलेले डाळज हे असे गाव आहे. सरकारी दप्तरात ते नंबर एक, नंबर दोन आणि नंबर तीन अशा तीन मौज्यांत वाटलेले आहे. त्याच्या एका कुशीला रात्रंदिवस मालमोटारींचा घोष चाललेला असतो, आणि दुसऱ्या कुशीला, उसाच्या फडांपलीकडे, भीमेचा फुगवटा क्षितिजापर्यंत पसरलेला असतो.

हा मुलूख मूळचा पाण्याचा नव्हे. सह्याद्रीने अडवून धरलेल्या पावसातून जे काही उरते तेवढेच याच्या वाट्याला येते, आणि सालीना वीसेक इंच पाऊस पडला तरी कुणबी समाधान मानतो. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे आणि सुपे यांच्या जोडीने इंदापूरचे नाव येते, मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरा सांगते, आणि त्यांच्या गढीमुळे त्या गावाला आजही एक मान आहे. तथापि राजेरजवाड्यांच्या या आठवणींहून मला या तालुक्याची एक दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. ती तलवारीची नसून जमिनीच्या पाहणीची आहे, आणि ती अलीकडे फारशी कोणी सांगत नाही.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजी अमलाने दख्खनच्या जमिनीवर जो सारा बसवला तो रयतेला पेलवेना. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ च्या पुढे पुणे जिल्ह्याची मोजणी करून, प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न हिशेबाने काढून, नवी आकारणी ठरवली खरी. परंतु ज्या आकड्यांवर ती उभी होती तेच हाताखालच्या कारकुनांनी मनमानेल तसे भरलेले असल्यामुळे सारी इमारत पायापासून कच्ची राहिली, आणि इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडू लागल्या, कुळे घरदार सोडून शेजारच्या निजामी मुलुखात निघून जाऊ लागली. अशा वेळी, १८३५-३६ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे अधिकारी या तालुक्यात आले आणि त्यांनी पाहणीची रीतच बदलून टाकली. एका बैलजोडीने वाहता येईल एवढ्या शेताला त्यांनी एक नंबर दिला. त्या नंबरात ठिकठिकाणी खोदून माती किती हात खोल आहे हे पाहिले. काळी, तांबडी, बरड अशी तिची जात ठरवली. आणि मग तिच्यात चुनखडीचे खडे किती, वाळू किती, उतार केवढा, पावसाचे पाणी साचते की माती वाहून नेते, अशा एकेका दोषासाठी प्रत खाली आणली. पावणेदोन हात खोलीची निर्दोष काळी जमीन सोळा आण्यांची धरली, आणि तिथपासून उतरत उतरत नववी प्रत दोन आण्यांवर येऊन थांबली. एवढे झाल्यावर हलका सारा बसवून तो तीस वर्षांसाठी कायम केला. सोडून दिलेल्या जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. इंदापुरात पारखून निघालेली ही पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने साऱ्या मुंबई इलाख्याची पद्धत झाली. आपल्या सात-बाऱ्यावर आज जो सर्व्हे नंबर दिसतो, त्याचे मूळ या तालुक्याच्या मातीत आहे.

परकी सत्तेने हे सारे आपल्या वसुलासाठी केले हे विसरण्याचे कारण नाही. तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ च्या सुमारास तिनेच सारा भरमसाट वाढवला, आणि त्या वाढीची, उतरलेल्या कापूसभावाची व सावकारी कर्जाची एकत्र झालेली आग १८७५ च्या मे महिन्यात शेजारच्या सुप्यात भडकून दख्खनच्या दंग्यांचा प्रारंभ झाला, हेही तितकेच खरे आहे. परंतु मातीला काही ठरवण्यापूर्वी तिच्यात हात घालून पाहावे, तिचे गुण मोजताना तिचे दोषही मोजावे, हा त्या पहिल्या पाहणीतला विवेक कोणाच्याही राज्यात शहाणाच ठरेल.

त्याच मातीवर पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी पाणी चढले. १९६६ साली उजनी धरणाची पायाभरणी झाली, १९८० च्या सुमारास धरण पुरे झाले, आणि यशवंतराव चव्हाणांचे नाव धारण करणारा यशवंतसागर पुणे, सोलापूर आणि तेव्हाचे अहमदनगर या तीन जिल्ह्यांच्या शिवारांवर विसावला. याची एकंदर साठवण ११७ अब्ज घनफुटांच्या घरात आहे, आणि त्यातली निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ अब्ज घनफुटांहून थोडी जास्त, मृतसाठ्याची आहे. तळाशी राहणारे हे पाणी ज्या जमिनीवर उभे आहे, तीच नेमकी सोळा आण्यांच्या तोलाची, नदीकाठची काळी जमीन होती. पूर्वीचा लोहमार्ग हलवावा लागला, गावठाणे उठून वर सरकली, देव पाट मांडून नव्या देवळांत बसवावे लागले, आणि ‘धरणग्रस्त’ ही या भागात एक जातच होऊन बसली, जिच्यात सगळ्या जातींची माणसे आहेत.

आता या सरोवराचा पंचांगाशी असलेला संबंध मोठा विलक्षण आहे. डाळजच्या माथ्यावर आकाश कोरडे असते, ज्वारीच्या रानाला भेगा पडलेल्या असतात, आणि तिकडे मावळात, मुळशीत, भीमाशंकरच्या डोंगरात धो धो कोसळलेला पाऊस पवना, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड यांच्या वाटेने खाली येऊन, गावावर एक थेंब न पडता, गावचे पाणी वाढवीत असतो. आषाढ-श्रावणात पारावर बसलेला माणूस आभाळाकडे न पाहता ‘दौंडचा विसर्ग किती चाललाय?’ असे विचारतो, आणि ‘पुण्याकडं लई पाऊस हाय, बापू, आठ दिसात प्लसमदी येतंय बगा’ हे उत्तर ऐकून त्याच्या मुद्रेवर जे समाधान पसरते, ते पूर्वी स्वतःच्या शिवारात पाऊस पडल्यावर पसरत असेल. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जाते, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागतो; पंपांचे पाइप दर आठवड्याला पुढे सरकवावे लागतात, आणि ऊस जगवण्यासाठी कुणबी पाण्याच्या मागे मागे चालत राहतो.

पाणी मागे हटले की बुडालेला काठ वर येतो. चिकट, तडकलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात. मका, कडवळ, भुईमूग अशी थोड्या महिन्यांची पिके, ज्यांच्या खाली आपल्याच आज्याचे शेत असते, ती मोठ्या लगबगीने काढली जातात. एखाद्या विहिरीचे कडे उघडे पडते, बांधाच्या दगडांची ओळ दिसू लागते, आणि पलीकडे पळसदेवच्या जुन्या पळसनाथाच्या मंदिराचे शिखर, नंतर दुष्काळ कडक असेल तर सारे मंदिरच, पाण्यातून बाहेर येते. अशा एका वैशाखात मी एका वृद्ध गृहस्थांबरोबर त्या गाळावरून चाललो होतो. सपाट, खुणेचे झाडसुद्धा नसलेल्या त्या रानात ते मध्येच थबकले, काठी टेकून म्हणाले, ‘हितनं आमचा उंबरा,’ आणि पुढचे पाऊल टाकण्याआधी त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. तिथे एक घडीव दगड सोडून काहीही नव्हते.

तथापि या पाण्याने केवळ नेलेच असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पहाटे, अजून धुके पाण्यावरून उठलेले नसते तेव्हा, भोई मंडळी रात्री टाकलेली जाळी ओढून होड्या काठाला लावतात. मासा जाळ्यातून सोडवणे हे मोठे नाजूक काम आहे. डाव्या हाताच्या बोटांनी चिलापीचा पाठीवरचा काटेरी पर चेपून धरायचा, उजव्या हाताने कल्ल्यात अडकलेला धागा मागच्या बाजूने काढायचा, आणि धागा तुटू न देता मासा टोपलीत टाकायचा. हे बायका आणि पोरे बोलता बोलता इतक्या चपळाईने करतात, की पाहणाऱ्याला काटा टोचण्याची आठवणसुद्धा राहत नाही. रोहू, कटला, मरळ, वाम अशी निवड होऊन माल भिगवणच्या बाजारात जातो, आणि हमरस्त्यावरच्या खाणावळींत दुपारपर्यंत त्याचे कालवण होते.

आणि हिवाळ्यात पाहुणे येतात. हिमालयाची शिखरे ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाकांच्या जोड्या येतात, कुरव येऊन होड्यांभोवती घिरट्या घालतात. आणि उथळ पाण्याच्या कडेला रोहित पक्ष्यांची रांग चोच उलटी बुडवून, पायांनी चिखल ढवळीत, एकाच दिशेने सरकत राहते. जवळच्या भादलवाडीच्या तलावात चित्रबलाक बाभळींवर घरटी बांधतात. ज्यांचे वाडवडील जमिनीवाचून झाले त्या घरांतली तरुण मुले आज कुंभारगावच्या काठावरून होडी वल्हवीत शहरातल्या लोकांना हे पक्षी दाखवतात, आणि प्रत्येकाचे नाव, सवय, येण्याची वेळ तोंडपाठ सांगतात.

परंतु सरोवराने शेजारी तोडले ते अद्याप पुरते सांधले गेलेले नाहीत. पूर्वी उन्हाळ्यात नदी ओलांडून करमाळ्याच्या गावांशी सोयरीक चालत असे. आता एखाद्या पुलाचा आधार सोडला तर फार मोठा वळसा घ्यावा लागतो किंवा होडीत बसावे लागते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी अशीच एक होडी वादळात उलटली आणि सहा जीव गेले. ज्यांनी सर्वांच्या पाण्यासाठी आपली जमीन दिली, त्यांनाच पलीकडे जाण्यासाठी जीव मुठीत धरावा लागावा, ही गोष्ट सहन करण्यासारखी नाही.

तशीच दुसरी गोष्ट. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांच्या वाटेने याच सरोवरात येते. काठ हिरवे पडतात, जलपर्णी पसरते, जुन्या जातींचे मासे विरळ होऊन चिलापीच तेवढी माजते. आपण मात्र या एवढ्या विशाल जलाशयाची एकच नोंद रोज पाहतो: तो किती टक्के भरला. हा आकडा आवश्यक आहे, पण तो प्रिंगलच्या निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबासारखा आहे. त्यात पाण्याचे परिमाण कळते, प्रत कळत नाही. शंभर टक्के भरलेल्या धरणाचे पाणी सोळा आण्यांचे आहे की दोन आण्यांचे, हे कोणत्या दप्तरातून कळणार?

या तालुक्याने एकदा माती खोदून, तिचे दोष एकेक करून लिहून, जमिनीला न्याय देण्याची रीत साऱ्या इलाख्याला घालून दिली. तशीच पाहणी आता पाण्याची झाली पाहिजे: काठाकाठाने, हंगामाहंगामाने, भोयांना आणि होडीवाल्या मुलांना सोबत घेऊन, कारण या पाण्याचे दोष त्यांच्याइतके कोणाला माहीत नाहीत. आणि आकारणी व्हायची ती वरच्या शहरांवर व्हावी. जे घाण पाठवतात त्यांनी ती पाठवण्यापूर्वी धुवावी. डाळजने आपला सारा जमिनीच्या रूपाने केव्हाच भरलेला आहे, आणि त्याची पावती म्हणून स्वच्छ पाणी मागण्याचा त्याचा हक्क आहे.