फक्त फुलाचा फोटो

तुम्ही कधी कॅक्टसच्या प्रेमात पडलायत? मीही नव्हतो पडलो. अॅरिझोनात चार वर्षं काढली, पण कॅक्टस म्हणजे ऑफिसच्या पार्किंगमधली काटेरी सजावट, एवढीच ओळख. एप्रिलमध्ये बाबा डोंबिवलीहून आले आणि वीकेण्डला त्यांना टुसॉनजवळच्या सग्वारो नॅशनल पार्कात घेऊन गेलो.

जिकडेतिकडे उंचच उंच सग्वारो! पहिली फांदी फुटायलाच त्याला साधारण 50 ते 75 वर्षं लागतात. त्याची पांढरी फुलं मे-जूनमधली. पण खाली दगडांच्या आडोशाला एक बुटका कॅक्टस गडद गुलाबी फुलांनी नुसता पेटला होता. मी लगेच मोबाइल काढला, फुलाचा क्लोजअप घेतला, अॅपला विचारलं. अॅपने तीन नावं दिली. झाली पंचाईत!

बाबा गॅलरीतल्या कुंड्यांवर पोसलेले माळी. हात न लावता उकिडवे बसले.

''अरे, फुलाचा फोटो काढलास. झाडाचा कुठाय?''

मग नीट बघितलं. काटे सरळ की गळासारखे वाकडे? सरळ, लांब. म्हणजे गुलाबी फुलांचा मॅमिलारिया बाद. त्याच्या अंगावर धारा नसतात, बारक्या गाठी असतात आणि फुलं माथ्याशी गजऱ्यासारखी गोल येतात. इथे खोडाला उभ्या धारा, एका बुडातून आठ-दहा खोडं, फुलं बाजूने साल फाडून वर आलेली. पाकळ्यांच्या मधोमध स्त्रीकेसराचा तुरा हिरवागार. म्हणजे हा एकायनोसेरियस! इथले लोक त्याला हेजहॉग म्हणतात. अख्ख्या झाडाचा फोटो काढला तेव्हा कुठे बाबा उठले.

गाडीत बसताना सहज म्हणाले, ''दर रविवारी तू घरी फोटो पाठवतोस ना, तेही असेच असतात रे. नुसतं फूल.''

मी किल्ली फिरवलीच नाही. नोकरी जाऊन 3 आठवडे झाले होते. एच-वन बीवर असाल तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. बाबांना कळू नये म्हणून मी रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन लायब्ररीत जाऊन बसत होतो. 39 दिवस उरले होते. सगळं सांगून टाकलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग बाटली पुढे केली.

''आधी पाणी पी. आणि लायब्ररीत जातोस तर उद्यापासून डबा घेऊन जा.''