काठ

"छान झालंय गं," पाकीट डोळ्यांपासून लांब धरत आजी म्हणाल्या. "पण याला काठ नाही."

घरगुती मसाले विकणाऱ्या एका कुटुंबाचं काम होतं. मुलगा दुकानं सांभाळतो, सून हिशेब बघते आणि कशात काय किती पडायचं हे अजूनही आजींच्या मुठीवर ठरतं. गोड्या मसाल्यासाठी मी हळदीच्या रंगाचं पाकीट केलं होतं. मधोमध दगडफुलाचं एक रेखाचित्र, खाली नाव, बाकी सगळी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेचा मला फार अभिमान होता. डिझाइनच्या पहिल्या वर्षापासून आम्हाला हेच शिकवलेलं: पान भरू नका. चौकट, वेलबुट्टी, किनार दिसली की वर्गात कुणीतरी "लग्नपत्रिका!" म्हणून ओरडायचं, आणि त्याहून मोठी शिवी आमच्याकडे नव्हती.

तर आजींना लग्नपत्रिका हवी होती. रिक्षात बसल्यावर मला राग आला. सिग्नलला पुढच्या स्कूटरवर मागे एक बाई बसली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने तिने निऱ्यांचा काठ चाकापासून उचलून धरला होता. पदर वाऱ्यावर होता, त्याची तिला काळजी नव्हती. जीव सगळा त्या चार बोटांच्या पट्टीत. सिग्नल सुटला, आणि माझा राग बहुधा तिथेच उतरला.

नदीला काठ असतो, लुगड्याला काठ असतो, हंड्याला काठ असतो. पातेलं काठोकाठ भरतं आणि पोरगं पस्तीस मार्कांना काठावर पास होतं. इतक्या वेगळ्या गोष्टी भाषेने एका शब्दात बसवल्या, त्याअर्थी कधीतरी कुणीतरी त्या सगळ्या एकाच नजरेने पाहिल्या असणार. मी मात्र इतकी वर्षं मधलं बघत आले होते.

तुला सुचतं कुठून, असं कुणी विचारलं की मी संग्रहालयांची नावं सांगते. खरं उत्तर पुण्यातला लक्ष्मी रोड आहे. ते सांगायची लाज वाटते, कारण मी तिथे घेत काहीच नाही, नुसती मावशीबरोबर साड्यांच्या दुकानात जाते. ती गादीवर मांडी घालून बसते, मी तिच्या मागे, आणि समोर रंगांची नावं पडायला लागतात: अबोली, आमसुली, चिंतामणी, डाळिंबी, शेवाळी. माझ्या कॉम्प्युटरवर यातल्या प्रत्येकाला सहा अक्षरांचा एक कोड आहे. तो सांगितला तर मावशी उठून जाईल.

आजींनी काठ मागितल्यानंतर गेले त्या दिवशी मी रंगांकडे पाहिलंच नाही, दुकानातल्या दादांच्या हातांकडे पाहिलं. साडी काढायची, घडी एका झटक्यात मोडायची, काठ गिऱ्हाइकाच्या बाजूला आणि पदर तिच्या गुडघ्यावर. साडीचं अंग त्यांनी एकदाही वेगळं दाखवलं नाही. अंग आपोआप दिसतं. विकतात ते काठ आणि पदर. मावशीही तशीच. तिने अंगठा काठावर ठेवला आणि जिथे काठ संपून अंग सुरू होतं तिथे दोनदा फिरवला. मी हात लावला, तर तिथे एक बारीकसा उंचवटा लागला.

हा उंचवटा म्हणजे सगळी गोष्ट आहे. पैठणीत एकधोटी आणि कडियल असे दोन प्रकार असतात. एकधोटीत आडवा धागा एकाच धोट्याने या काठापासून त्या काठापर्यंत जातो. कडियलला तीन धोटे लागतात: दोन काठांचे दोन, अंगाचा एक. काठाचा धागा त्या रेषेपर्यंत येतो, तिथे अंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. अंगाचा धागाही तसाच. म्हणून तर काठ जांभळाच्या जांभळा राहतो आणि अंग पिवळंच्या पिवळं, एकाचा रंग दुसऱ्यात सांडत नाही. साडीभर, दोन्ही बाजूंना, प्रत्येक ओळीला ही अडकवाअडकवी. विदर्भातल्या करवती साडीत तर अंग टसरचं आणि काठ सुती, आणि दोन्हींची गाठ सरळ रेषेत न पडता करवतीच्या दात्यांसारखी एकमेकांत घुसलेली. डोळ्यांना नक्षी दिसते, पण मुळात ते दोन कापडांनी एकमेकांचे हात धरलेले आहेत.

मी कागदावर दोन रंग शेजारी ठेवते तेव्हा मध्ये काय असतं? काहीच नसतं. एक संपतो, दुसरा सुरू होतो. प्रिंटिंगमध्ये कागद केसभर सरकला तर मधून पांढरी फट डोकावते, म्हणून आम्ही एक रंग दुसऱ्याच्या खाली जरासा सरकवून ठेवतो. म्हणजे अडकवाअडकवी मीही करतच होते, फक्त ती लपवायची असते असं समजून.

त्यानंतर मला काठाचं वेडच लागलं. घरातल्या तांब्याचा काठ बाहेर वळलेला आहे हे मी चाळिशीत पहिल्यांदा पाहिलं. पातळ पत्रा तसाच सोडला तर बोट कापेल आणि भांडं दाबलं की चेपेल. कड वळवली की तोच पत्रा ताठ उभा राहतो. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यांच्या पोटावरच्या मठाराच्या ठोक्यांचे फोटो काढायला सगळे वाकलेले असतात. मीही वाकायचे.

आणि मग महेश्वर आठवलं. काही वर्षांपूर्वी गेले होते, अहिल्याबाई होळकरांचं गाव म्हणून. 1767 ते 1795 त्यांनी कारभार केला आणि राजधानी नर्मदेच्या काठावर या गावी आणली. बाहेरून विणकर आणून वसवले, आणि गावात माग अजून चालू आहेत. वरच्या गल्लीत एका दुकानात मी साडी बघत होते. रेशमाचा ताणा, सुती बाणा, अंग जवळजवळ साधं. काठावर तिरक्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या. दुकानदार म्हणाला, ही चटई. दुसरीवर छोटे चौकोन होते, ती ईंट. साडी उलटी करून दाखवली, काठ दोन्ही बाजूंनी सारखाच. मी मान डोलावली आणि घाटावर उतरले.

खाली एका भिंतीवर कुणीतरी ओला पंचा वाळत घातला होता. तो वाऱ्याने उडाला आणि खालचा कोरलेला दगडी पट्टा दिसला: तिरक्या पट्ट्या, एकमेकींत गुंतलेल्या. चटई. त्या भिंतींवरचं, चौथऱ्यांवरचं कोरीवकाम विणकरांनी काठावर उतरवलं हे गावात कुणीही सांगतं. तरी दुकानात दहा मिनिटांपूर्वी हातात धरलेली गोष्ट दगडात समोर आली की पोटात काहीतरी हलतं. मी बोट फिरवलं. दगड गार होता, आणि इथेही तोच उंचवटा.

खाली पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या. प्रत्येक पायरीची एक सावली, सावलीखाली उजेडाची एक पट्टी, मग पुन्हा सावली. शेवटची कुठली ते कळत नाही, कारण ती पाण्याखाली असते आणि पाणी तिला हलवत असतं. बायका तिथेच साड्या धुत होत्या. नर्मदेच्या काठावर, नर्मदेच्या काठाचे काठ. तिथली हिंदीही हेच करते, किनारा नदीचा आणि किनारी साडीची. तेव्हा मी हे सगळं फोनमध्ये टिपलं, फोल्डरला 'टेक्स्चर' असं बावळट नाव दिलं आणि विसरले.

इतकं झाल्यावर मी काठाची भक्तीण व्हायला हवी होते. पण आडवे आले चित्रकार प्रभाकर बरवे. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन होतं. ते मी दोनदा पाहिलं. एखादं पान, एखादं घड्याळ आणि भोवती इतकी रिकामी जागा, की आपण आवाज न करता चालायला लागतो. 'कोरा कॅनव्हास' लिहिणारा माणूस तो. मोकळ्या जागेवरचं माझं सगळं प्रेम तिथूनच आलेलं. आता हेच बरवे अनेक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी बनारसला, मग मुंबईत. दिवसा हातमागाच्या कापडाशी संबंध. हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण बायोडेटातली एक ओळ म्हणून. आता त्यांच्या चित्रांचे फोटो पुन्हा काढून बसले, तर दिसलं की त्या पानाची कड किती काटेकोर आहे. तिथे पान संपतं म्हणून बाकीची जागा रिकामी वाटते. (हे बनारसमुळे झालं असं मी म्हणणार नाही; चित्रकाराच्या नोकरीतून त्याची चित्रं समजावून सांगणारे लोक मला आवडत नाहीत.)

जुलैत प्रिंटरकडे म्हणून मुंबईला गेले आणि ओव्हल मैदानाजवळ पावसात अडकले. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, सगळं टोकदार. पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. 2018 मध्ये दोन्ही बाजू मिळून युनेस्कोच्या यादीत गेल्या. मी पश्चिमेच्या एका फाटकात उभी. वर प्रत्येक मजल्याला छज्जा, एक आडवी रेघ, कोपऱ्याला न तुटता गोल वळून पुढे गेलेली. अगदी काठ. पण मी बघत होते ते पाणी. छज्ज्यावरून ते कडेला येत होतं, कडेखालून आत वळत होतं आणि दोन-तीन बोटांवर अचानक थांबून थेंबथेंब खाली पडत होतं. भिंतीपर्यंत पोचतच नव्हतं. मान वाकडी करून पाहिलं, तर छज्ज्याच्या पोटाला एक बारीक खाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाण्याला ती ओलांडता येत नाही. कुणाला दिसावी म्हणून नव्हतीच ती. तिच्याखाली पागोळ्यांची सरळ रांग धरली होती, आणि तिच्या आड एक म्हातारे गृहस्थ गॅलरीत कोरडे पेपर वाचत बसले होते.

परत आल्यावर मी पाकिटाला काठ काढायला बसले. पहिला नारळी काढला, मग रुईफुलं, मग महेश्वरचा फोल्डर उघडून चटई. तिन्ही वाईट. हातात घेतलं की लग्नपत्रिका. चौथ्या दिवशी वैतागून पॅकिंगवाल्याने दिलेलं रिकामं पाकीट नुसतंच बघत बसले. वर, जिथे मशीन गरम पट्टीने तोंड बंद करतं, तिथे बारीक उभ्या रेघा उमटलेल्या. आणि त्याच्या वर, जिथे पाकीट दुसऱ्यापासून कापलं जातं, तिथे दाते. ओळीने, एकसारखे, करवतीचे.

ही पट्टी मी कोरी सोडली होती. मशीनची जागा म्हणून.

पट्टी पूर्ण डाळिंबी केली. खाली, जिथे ती हळदीच्या रंगाला भेटते तिथे तसेच दाते उलटे काढले, वरच्यांच्या मापाचे. बाकी पाकीट होतं तसंच, दगडफूल आणि मोकळी जागा. दोन संध्याकाळी त्या दात्यांच्या मापात गेल्या. बिल मात्र एका तासाचं लावलं, कारण बाकीचं समजावून सांगता आलं नसतं.

नमुना घेऊन गेले तेव्हा आजी स्वयंपाकघरात होत्या, आमटी गॅसवर. पाकीट हातात घेतलं, लांब धरलं. अंगठा डाळिंबी पट्टीवरून खाली आला, रेषेवर थांबला, दोनदा फिरला.

"आता झालं," म्हणाल्या.

मग दाताला लावून त्यांनी ती पट्टी टर्रकन फाडली आणि केराच्या डब्यात टाकली. चमचाभर मसाला आमटीत घातला. उरलेलं पाकीट माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं: हळदीचा रंग, दगडफूल, खाली नाव, काठ नाही. हुबेहूब माझं पहिलं डिझाइन. आजींनी त्याचं तोंड दोनदा दुमडलं आणि रबर लावलं.