वॉट, ओहम आणि माझा अतिशहाणपणा

गाडीतला सबवूफर आणि ॲम्प्लिफायर यांची जोडी कशी जमवायची, यावर मी बरीच वर्षं मित्रांना न मागता सल्ले दिले. त्यातले निम्मे तरी चुकीचे होते. बहुतेकांची किंमत माझ्याच खिशातून गेली, एकाची आधी मित्राच्या. त्या चुका ओळीने लिहून काढतो आहे, कारण पुण्यातल्या ॲक्सेसरीच्या दुकानांत आजही तेच प्रश्न विचारले जातात आणि तीच उत्तरं मिळतात.

पहिली चूक वाचण्यातली. साध्या हॅचबॅकसाठी मी १२ इंची, ४ ओहमचा, सिंगल कॉइल वूफर घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१२०० वॉट’. सोबत दोन चॅनेलचा ॲम्प, त्यावर ‘१००० वॉट’. मी मनात वजाबाकी केली आणि ठरवलं, ॲम्प २०० वॉट कमी पडतोय. दुकानातल्या मुलानेही मान डोलावली. हे दोन्ही आकडे पीक पॉवरचे होते, म्हणजे क्षणभराचे, आणि पुष्कळदा ते छापणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतात. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे ॲम्प सतत किती देतो आणि वूफर सतत किती सोसतो याचा. तो मॅन्युअलच्या आतल्या पानावर बारीक टाइपात होता: वूफर ३०० वॉट, ॲम्प ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र जोडून, ४ ओहमवर २५० वॉट. ॲम्पसाठी अमेरिकेत सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) नावाचं मानक आहे. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आतलं डिस्टॉर्शन, या अटींवर पॉवर मोजतात. तो शिक्का असला की आकड्यावर भरवसा ठेवता येतो. माझ्या ॲम्पवर आहे की नाही, हे मी पाहिलंच नव्हतं. मॅन्युअल उघडलं तेच मुळी वूफर जळाल्यावर.

गंमत अशी, की जोडी चांगली जमली होती. ३०० वॉटच्या वूफरला २५० वॉट म्हणजे आवाजात फक्त ०.८ डेसिबलचा फरक. गाणं ऐकताना तो कुणाला जाणवतही नाही. पॉवर दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. हे गणित तेव्हा ठाऊक असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

पण माझ्या डोक्यात ‘ॲम्प कमी पडतोय’ हे घट्ट बसलं होतं. त्यावर उपाय म्हणून मी गेनचा नॉब शेवटापर्यंत फिरवला आणि बेस बूस्टही पूर्ण दिला. ही दुसरी चूक, आणि सगळ्यांत मोठी.

गेन हा आवाज वाढवायचा नॉब आहे, अशी माझी पक्की समजूत होती. तो असतो स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्यासाठी. माझ्या स्टिरिओचा प्रीआउट २ व्होल्टचा होता. गेन शेवटच्या टोकाला, ०.२ व्होल्टवर नेला, म्हणजे ‘०.२ व्होल्ट आले की तू पूर्ण ताकद दे’ असं मी ॲम्पला सांगून बसलो, आणि स्टिरिओ त्याला त्याच्या दहापट पाठवू शकत होता. त्यात बेस बूस्ट १२ डेसिबलचा. ४५ हर्ट्झच्या आसपास १२ डेसिबल वाढवायचे, तर ॲम्पला सोळापट पॉवर द्यावी लागते. ती तो आणणार कुठून? मग लाटेचे शेंडे कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. शेंडे पुरते कापले गेले की लाट चौकोनी होते, आणि तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. माझा २५० वॉटचा ॲम्प ५०० वॉटच्या घरात आणि तेही सतत ओतत होता. एरवी गाण्यात दोन ठोक्यांच्या मधे कॉइलला थंड व्हायला जरा सवड मिळते. तीही मी ठेवली नव्हती.

एका रात्री खंडाळ्याच्या घाटात गाडीत जळक्या वार्निशसारखा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा क्लच असेल, म्हणून काचा वर केल्या आणि आवाज आणखी वाढवला. बेस थांबला तेव्हा कळलं वास कशाचा होता ते.

वूफर रिकोनिंगला, म्हणजे नवी कॉइल आणि कोन बसवून घ्यायला, नेला तो गणपतीच्या आधी साउंडवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे. तिथे मी ऐटीत सांगितलं, “अंडरपॉवर होता ना, म्हणून गेला.” काकांनी कॉइल बाहेर काढून माझ्या हातात दिली.

“बघा. सगळीकडून सारखी काळी पडलीय. ही तापून गेली. मागे आपटून गेली असती तर टोकाला चेपली असती.”

“पण ॲम्प तर लहान होता.”

“लहान ॲम्पने आवाज लहान येतो. जळत काही नाही. नॉब कुठे होता ते सांगा.”

मी सांगितलं नाही. सांगायची गरजही उरली नव्हती.

‘कमी पॉवरने वूफर जळतो’ हे वाक्य मी तोवर बऱ्याच जणांना ऐकवलं होतं. ते फारच अर्धवट आहे. कमी पॉवर निरुपद्रवी असते. ती पुरत नाही म्हणून माणूस नॉब पिळत राहतो, आणि जाळण्याचं काम त्या पिळण्यातून होतं. याच अर्धवट ज्ञानावर मी एका मित्राच्या गाडीतला गेन सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नुसत्या कानाने, ‘सेट’ करून दिला होता. महिन्याभरात त्याचाही वूफर गेला. तेव्हा ‘तुला डुप्लिकेट माल मिळाला’ असं सांगून मी मोकळा झालो. काकांकडून आल्यावर त्याला फोन करून खरं काय ते सांगितलं आणि रिकोनिंगचा खर्च दिला. त्याने पैसे घेतले, पण त्यानंतर मला गाडीला हात लावू दिला नाही. योग्यच केलं.

इतकं होऊनही मी थोडक्यावर थांबलो नाही. नवा मोनोब्लॉक ॲम्प आणला, क्लास डी, २ ओहमवर ६०० वॉट आरएमएस. या वेळी आरएमएस वाचला होता. आता ३०० वॉटचे दोन वूफर घेतले की हिशोब चोख, असं वाटलं आणि ड्युअल व्हॉइस कॉइलचे, ४ अधिक ४ ओहमचे, दोन वूफर उचलून आणले. तिसरी चूक इथे झाली. वॉट पाहिले, ओहम पाहायचे राहिले.

दोन्ही वूफरच्या चारही कॉइल पॅरलल जोडल्या की ॲम्पला १ ओहम दिसतो. माझ्या ॲम्पची कुवत किमान २ ओहमची. जोडून आवाज वाढवला की लाल दिवा लागायचा आणि ॲम्प प्रोटेक्टमध्ये जायचा. प्रत्येक वूफरच्या कॉइल सिरीजमध्ये आणि मग दोन वूफर पॅरलल, असं केलं की होतात ४ ओहम. अशा दोन वूफरना सारखी पॉवर मिळेल आणि बेरीज नेमकी २ ओहम येईल, अशी जोडणीच नाही. दुकानात उभ्या-उभ्या कागदावर चार आकडे मांडले असते, तर २ अधिक २ ओहमची जोडी घ्यायला हवी हे तिथेच कळलं असतं. ती सिरीज करून ४ आणि ४, मग पॅरलल करून नेमके २.

४ ओहमवर तो ॲम्प ३५० वॉट देत होता, म्हणजे वूफरमागे १७५. नवा ॲम्प आणि दोन नवे वूफर घेऊन प्रत्येक वूफरला पूर्वीपेक्षा कमी पॉवर! तरीही बेस पूर्वीपेक्षा स्पष्टपणे जास्त होता. कारण तेवढीच एकूण पॉवर एकाऐवजी शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन वूफरना वाटली, की दुप्पट कोनमुळे ३ डेसिबल वरकड मिळतात. इथे तरी शहाण्याने थांबावं. पण ६०० वॉटचा ॲम्प घेऊन ३५० वर चालवायचा, हे मनाला पटेना. ती जोडी तोट्यात विकून २ अधिक २ ओहमची घेतली. आई तेव्हा म्हणाली, “गाण्यावर करतोस तेवढा खर्च गाडीच्या सर्व्हिसिंगवर केला असतास तर बरं झालं असतं.” मी ऐकलं नाही.

आता कागदावर सगळं जुळलं. ६०० वॉट, २ ओहम, वूफरमागे ३००. पण बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचकायला लागले. ॲम्प ही पॉवर गाडीच्या बॅटरी-अल्टरनेटरकडून घेतो, हे मला तोंडपाठ होतं, पण त्याचा हिशोब कधी केला नव्हता. क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ६०० वॉट बाहेर यायला ७५० वॉट आत जावे लागतात. १३.८ व्होल्टवर ते सुमारे ५४ अँपिअर होतात. गाणं इतका करंट सतत खेचत नाही, ठोक्यापुरता खेचतं. पण छोट्या गाडीच्या अल्टरनेटरवर एसी, दिवे आणि इंजिनाची स्वतःची गरज आधीच असते, आणि सिग्नलला गाडी उभी असताना तो पूर्ण क्षमतेने चालतही नाही.

माझा उपाय होता १ फॅरडचा कपॅसिटर. चमकदार, वर निळा आकडा दाखवणारा. १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना असा कपॅसिटर जेमतेम २६ ज्यूल ऊर्जा देतो. ७५० वॉटच्या मागणीपुढे ती ०.०४ सेकंदही टिकत नाही. विहीर आटलेली असताना दारात एक हंडा भरून ठेवावा, तसा हा प्रकार. आकडा मात्र छान चमकायचा.

शेवटी तापकीर गल्लीतून मल्टिमीटर आणला आणि मोजायला लागलो. हे सगळ्यांत आधी करायला हवं होतं. गाणं चालू असताना बॅटरीवर १२.९ व्होल्ट, ॲम्पच्या टर्मिनलवर ११.६. मधले १.३ व्होल्ट वायरीत आणि अर्थिंगमध्ये मुरत होते. वायरीच्या किटवर ‘४ गेज’ लिहिलेलं होतं. कापून पाहिलं तर रबर जाड, आत तार कमी, आणि तीही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच चांगली वाहते. अर्थची वायर मी डिक्कीतल्या एका रंगवलेल्या बोल्टखाली दाबली होती, पत्रा खरवडलाच नव्हता. साध्या ॲम्पची पॉवर व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १४.४ व्होल्टवरचे ६०० वॉट ११.६ वर ढोबळमानाने ३९० होतात. वूफर बदलून मिळवलेलं जवळपास सगळं मी वायरीत घालवत होतो. शुद्ध तांब्याची वायर, खरवडलेल्या पत्र्यावर अर्थ आणि बॅटरीजवळ फ्यूज, एवढं केल्यावर मिचकणं बरंच कमी झालं. तो फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आतच हवा. तो ॲम्पला वाचवायला नसतो. वाटेत वायर कुठे सोलवटून पत्र्याला लागली तर गाडी पेटू नये, यासाठी असतो. माझ्या पहिल्या जोडणीत तो डिक्कीत होता, हे आठवलं की अजून घाम फुटतो.

वूफर ज्यात बसवतात त्या खोक्याची चूक थोडक्यात सांगतो. कंपनीच्या पत्रकात प्रत्येक वूफरला २८ लिटरचा बंद खोका सुचवला होता. मी सुताराकडून पोर्टवाला बनवून घेतला, कारण तो ‘जास्त वाजतो’ असं ऐकलं होतं. तो वाजतोही. पण पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला असतो, तिच्या खाली खोक्यातली हवा कोनला आवरत नाही. अशा खोल बेसच्या गाण्याला आतून टक्-टक् आवाज यायचा. ३०० वॉटचा वूफर त्याहून बऱ्याच कमी पॉवरवर मोडायच्या बेताला आला होता. इतका खोल बेस अडवणाऱ्या सबसॉनिक फिल्टरचं बटण ॲम्पवर होतं, आणि ते मी चालूच केलेलं नव्हतं.

आता गेन कसा लावतो, तेही सांगतो. पॉवरला ओहमने गुणून वर्गमूळ काढायचं. ६०० गुणिले २ म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६ व्होल्ट. वूफरच्या वायरी सोडवायच्या, इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट शून्य, स्टिरिओचा आवाज पाऊण. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवायचा. घरातली वीजही ५० हर्ट्झचीच असल्यामुळे साधा मीटर इथे बरोबर दाखवतो. क्लिपिंग मात्र त्याला दिसत नाही आणि छापील वॉट नेहमी खरे नसतात, म्हणून मी ३४.६ च्या ऐवजी ३० व्होल्टलाच थांबतो. आवाजात जातो तो सव्वा डेसिबल.

नव्याने बसवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. खोक्यावरचा मोठा आकडा विसरा. वूफरचा आरएमएस आणि तुम्ही जोडणार त्याच ओहमवरचा ॲम्पचा आरएमएस, हे दोन आकडे कागदावर शेजारी मांडा. ॲम्प वूफरच्या पाऊणपट ते सव्वापट असेल तर डोळे मिटून घ्या. ओहम जमत नसतील तर वूफर कितीही स्वस्त मिळत असो, परत ठेवा. बेस बूस्ट शून्यावरच राहू द्या. जळका वास आला तर आधी आवाज बंद करा, मग क्लच कुणाचा ते बघा. आणि पैसे मोजके असतील, तर ते आधी वायरला द्या, मग खोक्याला, मग ॲम्पला. दुसरा वूफर सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा तो लागणारही नाही.