नळीचा बाक

जुन्या ड्रॅग मोटारीच्या, म्हणजे जागेवरून सुटून पाव मैलाची (सुमारे ४०२ मीटरची) सरळ धाव घेणाऱ्या शर्यतीच्या गाडीच्या, मागच्या एक्सलविषयीची चर्चा बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबते: एक्सल कोणत्या कारखान्याचा घ्यावा आणि क्राउन-पिनियनचे गुणोत्तर किती ठेवावे. पहिल्याला अनुभव पुरतो आणि दुसऱ्याला हिशेब. परंतु गाडीच्या मापात बसावा म्हणून कापून पुन्हा जोडलेल्या एक्सलची नळी सरळ राहिली आहे की नाही, हा तिसरा प्रश्न या दोहोंनाही दाद देत नाही, आणि ज्याचे आयुष्य या कामात गेले त्याला शेवटपर्यंत छळतो तो तोच.

अमेरिकेत १९५० व १९६० च्या दशकांत गाजलेल्या ‘गॅसर’ वर्गात, म्हणजे जुन्या हलक्या बांध्यात जबर इंजिन बसवून पेट्रोलवरच धावणाऱ्या गाड्यांच्या वर्गात, १९५७ ते १९६४ या काळातील ओल्ड्समोबिल-पाँटियॅक एक्सलला मोठा मान होता. पुढे ती जागा फोर्डच्या ‘नऊ इंची’ एक्सलने घेतली. नऊ इंच हा त्याच्या क्राउनचा, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राचा, व्यास. १९५७ पासून १९८६ पर्यंत तयार होत राहिलेल्या या एक्सलचे क्राउन-पिनियन समोरचे नट सोडवून एकगठ्ठा बाहेर काढता येतात, त्यामुळे दोन धावांच्या मध्येही गुणोत्तर बदलणे शक्य होते. पिनियनच्या, म्हणजे क्राउनला फिरवणाऱ्या लहान दातेरी चक्राच्या, आतल्या टोकाला तिसऱ्या बेअरिंगचा आधार असल्याने सुटतानाच्या धक्क्यात ते क्राउनपासून दूर सरत नाही. आणि हाउसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, पोलादी पत्र्याचे असल्याने वेल्डिंग मानवते. त्याचा दोष असा की पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून बरेच खाली बसते, दाते एकमेकांवर अधिक घसरतात आणि थोडी शक्ती उष्णतेत वाया जाते. जनरल मोटर्सच्या ‘बारा बोल्ट’ एक्सलमध्ये हा व्यय कमी असतो; परंतु त्याचा मूळ शाफ्ट आतल्या टोकाशी अर्धचंद्राकृती क्लिपने अडकवलेला असतो, आणि तो तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासह गाडी सोडून जाऊ शकते. ‘डाना ६०’ हा एक्सल बळकट खरा, पण जड, आणि त्याचा मधला भाग बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, असल्याने त्याला नळ्या जोडताना आधी तापवण्याची दक्षता घ्यावी लागते.

गुणोत्तराविषयी थोडक्यात सांगता येते. टायरचा व्यास २८ इंच आणि गुणोत्तर ४.५६ असेल, तर इंजिनाच्या मिनिटाला ७,००० फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सुमारे २०६ किलोमीटर होतो, आणि पाव मैलाच्या अखेरीस इंजिन आपल्या सर्वोच्च शक्तीच्या आसपास असावे एवढेच पाहायचे असते.

खरी अडचण रुंदीची आहे. शर्यतीचे रुंद, नक्षीविरहित टायर जुन्या गाडीच्या मडगार्डखाली मावत नाहीत, आणि मडगार्ड कापले तर गाडीचे जुनेपणच संपते. म्हणून हाउसिंगच्या नळ्या दोन्ही बाजूंनी कापून टोकांना नवी बेअरिंग-घरे वेल्ड केली जातात आणि शाफ्टही आखूड घेतले जातात. हे करताना हाउसिंगच्या आरपार एक जाड, घासून बिनचूक केलेला दांडा घातलेला असतो, जो मध्यभागी क्राउनच्या बेअरिंगच्या जागेत आणि दोन्ही टोकांना नव्या घरांत तबकड्यांवर टेकतो, आणि दांडा आत असेपर्यंत सर्व काही सरळच दिसते. वेल्ड थंड होताना धातू आकसतो आणि ज्या अंगाला उष्णता अधिक दिली गेली त्या अंगाकडे नळी ओढली जाते: पुढच्या अंगाला टेकू वेल्ड केले की टोके पुढे येऊन चाकांची तोंडे आत वळतात, खालच्या अंगाला केले की टोके खाली झुकून चाकांचे माथे बाहेर कलतात. अर्ध्या मिलिमीटरचा बाकही डोळ्यांना दिसत नाही, मात्र शाफ्टच्या स्प्लाइनला, म्हणजे टोकावरच्या लांबट खाचांना, तो प्रत्येक फेरीत जाणवतो. त्या एका बाजूने झिजतात, ऑइल सील गळू लागते, बेअरिंग तापते.

यावर उपाय सर्वांना ठाऊक आहेत, म्हणजे समोरासमोर आळीपाळीने लहान टाके घेणे, प्रत्येक टाक्यानंतर थांबणे, आणि बाक आलाच तर विरुद्ध अंगाला एक ठिपका लाल होईपर्यंत तापवून नळी परत ओढून घेणे; पण कोणत्या टाक्यानंतर किती थांबावे हे हाउसिंगगणिक बदलते, कारण प्रत्येक जुन्या नळीत तिच्या घडणीचा आणि खाल्लेल्या धक्क्यांचा ताण आधीच साठलेला असतो. प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे हा निर्णय दांडा हाताने ओढून केला. हाउसिंग रात्रभर थंड झाल्यावर दांडा एका हाताने, न अडखळता, सरकला पाहिजे, ही त्याची कसोटी होती. त्या सरकण्याच्या स्पर्शावर त्याचा इतका विश्वास होता की डायल गेज, म्हणजे काट्याने शतांश मिलिमीटर दाखवणारे मापक, तो कार्यशाळेत ठेवत असला तरी दुसऱ्यांच्या कामासाठीच वापरत असे. हा अहंकार होता, आणि लोकांसमोर दांडा ओढून दाखवताना त्याला मिळणारे समाधान कामाच्या समाधानाहून वेगळे होते, हेही त्याला त्या वेळी कळत होते.

वयानुसार बोटांची संवेदना कमी झाली तेव्हा ती कसोटी आधी बिघडली आणि मग लक्षात आली. हाताने पास केलेल्या एका हाउसिंगला त्याच्या शिष्याने न विचारता गेज लावले आणि उजव्या टोकाला ०.७ मिलिमीटरचा बाक दाखवला. लेखकाने प्रथम गेज तपासले, मग गेजचा स्टँड, मग दांडा, आणि हे तिन्ही निर्दोष निघाल्यावरच त्याने हाउसिंगकडे पाहिले. त्याआधी बाहेर पडलेल्या किती नळ्यांत असाच बाक असेल, हा विचार तेव्हापासून त्याची पाठ सोडत नाही.

आता संपूर्ण नवी, लेझरने कापलेल्या पत्र्याची आणि वेल्डिंगनंतर यंत्रावर पुन्हा घासून सरळ केलेली हाउसिंगे विकत मिळतात, आणि ती सरळ असतात याबद्दल वाद नाही. वाद आहे तो अशा हाउसिंगवर काळा रंग देऊन गाडी १९६२ ची म्हणून उभी करणाऱ्यांशी. वेगासाठी नवे कवच घेणे प्रामाणिक आहे. जुन्या गाडीच्या नावावर ते लपवणे नाही, आणि जुन्या पोलादाला सरळ करण्याची विद्या ज्यांच्या हातात होती त्यांच्यावर तो अन्यायही आहे. या मताच्या तीव्रतेत आपल्या विद्येला गिऱ्हाईक उरले नाही याचे दुःख किती आहे, हे लेखकाला वेगळे काढता आलेले नाही.

कार्यशाळेत सध्या जे नऊ इंची हाउसिंग आहे त्याचे टाके शिष्य घेतो. कोणत्या अंगाला किती थांबायचे हे लेखक सांगतो, सकाळी गेज आधी लावले जाते आणि दांडा त्यानंतर ओढला जातो. काल डाव्या टोकाला ०.०८ मिलिमीटर भरले, उजवे टोक अजून वेल्ड व्हायचे आहे.