दोन बॅगा आणि रांझीचं घर

नागपूरहून जबलपूरला जाणारी बस सिवनीच्या पुढे गेली की दुकानांच्या पाट्यांवर मराठी शोधू नये. सुमारे २७० किलोमीटरचा हा रस्ता मी लहानपणापासून करते, कारण माझी मावशी जबलपूरच्या पूर्वेला, रांझीत राहते.

पर्यटक रांझीला येत नाहीत. ते भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुआंधार पाहून परततात. रांझी ही कारखान्यांच्या शेजारी वाढलेली वस्ती. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, मग खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, १९६९ मध्ये आलेली लष्करी ट्रक बनवणारी व्हेइकल फॅक्टरी. या नोकऱ्यांसाठी देशभरातून माणसं आली. त्यामुळे इथे एकाच गल्लीत बंगाली, तमिळ, पंजाबी आणि मराठी घरं सापडतात. सकाळी भोंगा, संध्याकाळी बाजारातली गर्दी आणि खोवा-जलेबीचा वास. बहुतेक घरांत कोणीतरी "आम्ही मूळचे इथले नाही" असं सांगणारं असतंच.

यावेळी गेले तेव्हा मावशीच्या शेजारच्या घरात बॅगा भरणं चाललं होतं. हे कुटुंब मराठी ख्रिस्ती, मूळचं नगरकडचं. काकांनी गन कॅरेज फॅक्टरीत नोकरी केली, आता ते नाहीत. घरात काकू, मुलगा आणि सून. मुलगा शिक्षक, सून नर्स. दोघं आपल्या मंडळीच्या वतीने केनियाला निघाले होते. किसुमू शहराजवळच्या एका गावात ती दवाखान्यात काम करणार, तो मुलांना शिकवणार आणि तिथल्या चर्चच्या कामाला हातभार लावणार. मुक्काम तीन वर्षांचा.

जेवणाच्या टेबलावर कागदांची चळत होती. पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, लग्नाचा दाखला, नर्सिंगची नोंदणी. पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्डही होतं. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. हे कार्ड नसेल, तर केनियातून परत येताना आपल्याच विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, असं सुनेने मला समजावून सांगितलं.

फ्रिजवर मात्र स्वाहिली शब्दांची यादी चिकटवली होती. ती वाचताना मजा वाटली. साबण म्हणजे सबुनी, दुकान म्हणजे दुका, गाडी म्हणजे गारी, वेळ म्हणजे वकाती, चहा म्हणजे चाई. अरबी आणि भारतीय व्यापारी शेकडो वर्षं त्या किनाऱ्यावर ये-जा करत होते, त्यांच्यासोबत शब्दही गेले. मोंबासाहून किसुमूपर्यंत १९०१ मध्ये पोहोचलेली रेल्वेसुद्धा भारतातून नेलेल्या हजारो मजुरांनी बांधली. चपाती तर तिथे घरचीच झाली आहे.

"म्हणजे आपण काही फार परके नाही," सून हसून म्हणाली.

काकू पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इथे रांझीत काम कमी आहे का?"

कोणी उत्तर दिलं नाही. मुलगा टेपने खोक्याचं तोंड बंद करत राहिला.

त्या रात्री मला झोप लागेना. मी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकले. कॉलेज १८८३ सालचं. ज्यांचं नाव त्याला दिलं, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे. १८४४ मध्ये त्यांनी इरॅझ्मा हल यांच्याशी लग्न केलं आणि त्याच वर्षी दोघं मिशनच्या कामासाठी निघाले. जहाजाने मुंबई आणि पुढे, रेल्वे नसलेल्या काळात, १८४५ च्या फेब्रुवारीत भोसल्यांचं नागपूर. हिस्लॉप मराठी शिकले, शाळा काढली, विदर्भातले जीवाश्म गोळा केले. गोंडांची लिंगोची कथा त्यांनी उतरवून घेतली. ज्या गोंडांनी जबलपूरच्या गढ्यातून राज्य केलं, त्यांचीच ही कथा. ती छापून आली १८६६ मध्ये. पण त्याआधीच, ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री, टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून बोरीला परतताना हिस्लॉप पुराच्या नाल्यात बुडून गेले होते.

त्याहून आधीची गोष्ट हॅरिएट न्यूएलची. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत लग्न झालं आणि त्याच महिन्यात नवऱ्याबरोबर ती जहाजात बसली. कलकत्त्याला कंपनी सरकारने राहू दिलं नाही. मॉरिशसला जाताना तिचं तान्हं बाळ गेलं आणि तिथे नोव्हेंबरात तीही गेली. वय १९. तिचा नवरा पुढे मुंबईच्या मराठी मिशनमध्ये आला.

ही नावं मी कॉलेजपासून ऐकत आले. पण आपल्याला अशी माणसं नेहमी आलेली दिसतात. त्यांनी काय केलं, काय बरोबर, काय चूक, यावर आपण वाद घालतो, आणि घालायलाही हवा. ती निघाली तेव्हा मागच्या घरात कोण पोळ्या लाटत होतं, हे मनात येत नाही. मला ते रांझीत पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे चहाला गेले. मुलगा आईच्या औषधांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहीत होता. गॅसचा नंबर, रिक्षावाल्याचा नंबर, रात्री-अपरात्री हाक मारायची तर माझी मावशी. काकूंनी नागपूरला मुलीकडे जायला नकार दिला होता.

"कालचं तुझं बरोबर होतं, आई," तो म्हणाला. "इथे काम कमी नाही. पण त्यांनी नर्स मागितली आणि आम्ही हो म्हटलं. याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही."

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग माझ्याकडे वळून बोलू लागल्या. "लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. भाजीवाल्याशी बोटांनी बोलायचे. माझी आई स्टेशनवर रडत होती आणि मी गाडीत. तेव्हा कोणी विचारलं नाही, नगरला काम कमी आहे का म्हणून."

त्या उठल्या आणि आतून काळ्या मसाल्याची बरणी घेऊन आल्या. बॅगा प्रत्येकी २३ किलोच्या आणि काठोकाठ भरलेल्या. सुनेने काही न बोलता दोन जाड पुस्तकं बाहेर काढली आणि मसाला कपड्यांत गुंडाळून ठेवला.

मी निघाले तेव्हा संध्याकाळचा भोंगा वाजत होता. काकू फ्रिजपुढे चष्मा लावून उभ्या होत्या.

"जेवलीस का, हे कसं म्हणायचं गं?" त्यांनी सुनेला विचारलं. "फोनवर रोज तेवढं तरी विचारीन."

"उमेकुला," सून म्हणाली.

काकूंनी दोन-तीनदा घोकलं आणि पेन्सिलीने यादीच्या तळाशी लिहून ठेवलं.