तुसावरची फुली

बालमित्रांनो, आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. हो, बाईंचंसुद्धा चुकतं बरं का!

मी कोकणातल्या एका शाळेत चौथीला शिकवते. एकदा चाचणीत मी प्रश्न घातला, 'भाताचे तूस टाकाऊ असते. चूक की बरोबर?' सगळ्यांनी लिहिलं, 'बरोबर'. एकाच मुलानं लिहिलं, 'चूक'. त्याचे वडील भातगिरणीत कामाला आहेत. मी लाल फुली मारली. तो हळूच म्हणाला, "बाई, आजी तुसाच्या राखेनं भांडी घासते. लख्ख निघतात." वर्ग हसला. मीही हसले.

मग दिवाळीच्या सुट्टीत वाचता वाचता उत्तर सापडलं. भाताचं रोप जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका शोषून घेतं. सिलिका म्हणजे वाळूत असते तीच! ती तुसात साठते. तूस नीट जाळलं की उरलेली राख म्हणजे बहुतेक सिलिकाच. मग भांडी लख्ख निघतील नाही तर काय!

सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची जोडी. २०१३ साली दक्षिण कोरियातल्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तुसातल्या सिलिकेची ही जोडी फोडून दाखवली. तिच्यात मॅग्नेशियमची पूड मिसळून ती सुमारे ६५० अंश सेल्सिअसला तापवायची. मॅग्नेशियम ऑक्सिजन ओढून घेतं. मग ते आम्लानं धुऊन टाकायचं. उरतं ते स्पंजासारखं भोकाभोकांचं सिलिकॉन. (हे घरी करायचं नाही हं!) त्याचे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर!

एवढं बारीक कशाला? लिथियम बॅटरी चार्ज होताना त्यातलं सिलिकॉन तिपटीहून जास्त फुगू शकतं. मोठा कण फुगला की तडकतो. बारीक कणांना मात्र भोकांत फुगायला जागा मिळते.

सुट्टी संपल्यावर मी त्या मुलाचा पेपर मागितला. फुली खोडली, गुण दिला आणि साऱ्या वर्गासमोर म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं. मी हसायला नको होतं."

तो एवढंच म्हणाला, "बाई, हे आजीला सांगू?"

पालकहो, तुमच्या मुलानं कधी असं 'चुकीचं' उत्तर दिलं, तर फुली मारण्याआधी एकदा 'का?' विचाराल ना?