मनीला कुणी मासळी देऊ नये

बुरोंडीच्या बंदरावर बोटी लागल्या की गिऱ्हाइकाच्या आधी मांजरं हजर असतात. जाळं झाडताना उडालेला जवळा, पाटीतून निसटलेली मांदेली, कुणी पायाने बाजूला सारलेला ढोमा, मासे साफ करताना पडलेली आतडी, असं काहीबाही त्यांच्या वाट्याला येतच राहतं. दापोली तालुक्यातलं, लाडघरला लागून दक्षिणेला असलेलं हे गाव पर्यटकांना ठाऊक आहे ते पृथ्वीच्या गोलावर उभ्या असलेल्या परशुरामाच्या पुतळ्यामुळे. मांजरांचं तीर्थक्षेत्र मात्र खाली, समुद्राच्या काठाला. इथे मांजराने उपाशी राहायचं ठरवलं तरी गाव राहू देणार नाही. म्हणून एखादी मनी समोरचा ताजा बांगडा नुसता हुंगून तोंड फिरवते, तेव्हा घरातल्या बाईच्या काळजात धस्स होतं.

मनी गावात एक नाही. दर दोन-चार घरांमागे एक सापडेल. त्यातली कुठलीही एक डोळ्यांपुढे धरू, आणि तिची मालकीणही. (मांजराला मालकीण असते असं म्हणणं धाडसाचंच, पण दवाखान्याच्या कागदावर तो रकाना असतो.)

दुखणं सुरू होतं तेव्हा ते दुखणं वाटतच नाही. सकाळी ओट्याच्या कोपऱ्यात पांढरा फेस. दुपारी मनी खाते, संध्याकाळी वाशावर चढते, म्हणजे बरी झाली. चार दिवसांनी पिवळं पाणी. मग आठवडाभर सगळं ठीक, आणि पुन्हा एके रात्री पोट आत ओढून ओढून काढलेला तो आवाज, जो झोपेतल्या माणसालाही उठवतो. मांजर दुखणं लपवतं. ते शिकारी आहे तसंच कुणाचं तरी भक्ष्यही आहे, आणि रानात अशक्तपणा दाखवणं परवडत नाही. त्यामुळे कण्हणं, विव्हळणं काही नाही. फक्त पाय पोटाशी घेऊन बसणं वाढतं, अंगावरची लव राठ होते आणि एक दिवस पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागतात.

तोवर आळीने निदान करून टाकलेलं असतं. कुणी म्हणतं केस गेले पोटात, कुणी म्हणतं पाल खाल्ली असेल, कुणाच्या मते दृष्ट. उपायही तयार असतात: ओव्याचं पाणी, चिमूटभर हळद, ताकभात. यातलं बरंचसं मनी स्वतःच नाकारते, त्यामुळे नुकसान फारसं होत नाही. पण दोन उपाय खरोखर जिवावर बेततात. एक म्हणजे अंग गरम लागलं म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी. माणसाचं यकृत ते औषध ज्या वाटेने निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ बंद असते. रक्तातल्या तांबड्या पेशी बिघडतात, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि अर्ध्या गोळीने मांजर दगावू शकतं. दुसरा उपाय औषध म्हणून नव्हे, स्वच्छता म्हणून केला जातो. उलटी पुसायला फरशीवर ओतलेलं फिनेल. मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि फिनॉल जातीची रसायनं पचवण्यातही त्याचं यकृत तितकंच दुबळं. उलटी पुसताना नवी उलटी ओढवून घेण्याचा हा प्रकार घरोघरी चालतो. गरम पाणी आणि साबण पुरे.

शहरातल्या मांजराची विष्ठा घरातल्या वाळूच्या ट्रेमध्ये सापडते. बुरोंडीच्या मनीला अख्खी पुळण मोकळी. ती जाते, उकरते, झाकते आणि परत येते. जुलाब होतायत का, रक्त आहे का, जंत दिसतायत का, यातलं काहीही घरच्यांना कळत नाही. डॉक्टरांनी नमुना मागितला की भल्या पहाटे मनीच्या मागून, तिला संशय येणार नाही इतक्या अंतराने, माडांमधून चालत जावं लागतं. हातात रिकामी काडेपेटी. एकेकाळी माणसांचे नमुनेही तिच्यातूनच प्रयोगशाळेत जायचे, त्यामुळे जुन्या माणसांना त्यात काही वावगं वाटत नाही. आता झाकणाची प्लास्टिकची डबी मिळते, पण मनीची पाठ काढण्याचं काम तेच.

मग प्रवास. आंब्याची लाकडी पेटी, वरून जाळ्याचा तुकडा बांधलेला, आणि दापोलीपर्यंतच्या वळणांवर रिक्षात अखंड ओरडणं. आपल्याकडची सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती गाईगुरांसाठी, शेळ्या-कोंबड्यांसाठी, आणि ते रास्तच होतं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कुत्री मोजली, ससे मोजले, हत्तीसुद्धा मोजले, मांजरं मोजलीच नाहीत. गणतीत नसलेल्या जनावराची सोनोग्राफी तालुक्याला सहज होईल, ही अपेक्षाच जरा जास्तीची. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून, आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. बुरोंडीहून मुंबई दोनशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे पहिली लढाई गावातच, हाताशी असेल त्यावर लढावी लागते.

जाणता पशुवैद्य बंदरावरच्या मांजराचं तोंड उघडतो तेव्हा दात बघायच्या आधी जीभ वर उचलतो. खालून, हनुवटीच्या मधोमध, अंगठ्याने दाब दिला की जीभ वर येते आणि तिच्या मुळाशी असलेली नाजूक पट्टी दिसते. तिथे कधी कधी दोरा अडकलेला असतो. जाळं विणताना पडलेला नायलॉनचा तुकडा, गळाची तंगूस, तिला मासळीचा वास. मनी चाटते, आणि तिच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले, त्यामुळे तोंडात गेलेलं बाहेर फेकता येत नाही, आतच सरकतं. एक टोक जिभेखाली गुंततं, दुसरं आतड्यात पुढे जात राहतं, आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडत गोळा होतं. नाडी ओवलेला लेंगा जसा चुणतो, तसं. दोरा ताणला की आतड्याची भिंत कापली जाते. म्हणून तोंडातून किंवा मागून लोंबणारा दोरा घरी कधीही ओढू नये. ही शस्त्रक्रियेची बाब. दोरा नसला तर डॉक्टर हुश्श करतात आणि खरा घोळ तिथून सुरू होतो.

कारण पुढची यादी मारुतीच्या शेपटीला हार जाणारी नाही. जंत, जे पिल्लाला आईच्या दुधातूनही मिळतात. जियार्डियासारखे एकपेशीय जीव. स्वादुपिंडाची सूज. म्हातारं मांजर असेल तर मूत्रपिंडं, किंवा १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी प्रथम नीट मांडलेला थायरॉइडचा विकार, ज्यात मांजर भरपूर खातं आणि तरी रोडावतं. मांजराच्या शरीररचनेचीही एक अडचण आहे. पित्ताची नलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका आतड्यात शिरण्याआधीच एकत्र येतात. शेजारच्या तीन घरांचा एकच दरवाजा म्हटल्यावर एकाकडचं भांडण तिघांकडे जातं. यकृत, स्वादुपिंड, आतडं, तिन्ही एकाच वेळी सुजलेली मांजरं डॉक्टरांना नवी नाहीत.

आणि या सगळ्यातून चाळून शेवटी उरतात ते दोन संशयित: आतड्याचा जुनाट दाह, आणि आतड्यातच सावकाश वाढणारा लिम्फोमा नावाचा कर्करोग. दोन्हींत उलट्या, दोन्हींत वजन घटणं, दोन्हींत सोनोग्राफीवर आतड्याची भिंत जाड. दुर्बीण घालून तुकडा काढावा तर ती जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचते, रोग बऱ्याचदा त्याच्या पुढे बसलेला. पोट उघडून पूर्ण जाडीचे तुकडे काढले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या दोन तज्ज्ञांचं एकमत होईलच असं नाही. एक रोग दुसऱ्यात हळूहळू सरकत जातो, असंही मानलं जातं. तेव्हा ‘डॉक्टरला काय झालंय तेच कळेना’ ही आळीतली तक्रार ऐकायला रास्त वाटली तरी अन्यायाची आहे. दोन्हीकडे प्रेडनिसोलोन हे औषध वापरावं लागतं, कर्करोगात त्याच्या जोडीला क्लोराम्ब्युसिल, आणि या सावकाश जातीच्या लिम्फोमातही पुष्कळ मांजरं दोन वर्षं किंवा अधिक काळ बऱ्यापैकी जगतात.

पण त्या टोकाला जाण्याआधी एक साधी, बिनखर्चाची आणि बुरोंडीत जवळपास अशक्य अशी चाचणी असते. खाणं बदलून बघायचं. मनीने आजवर न खाल्लेलं एकच प्रथिन द्यायचं, त्याशिवाय दुसरं काही नाही. पोटाची तक्रार खाण्यामुळे असेल तर बहुतेक वेळा दोन आठवड्यांत फरक दिसतो. शहरातल्या, सगळं खाऊन बसलेल्या मांजरासाठी बदक नाहीतर ससा शोधावा लागतो. मासळीवर वाढलेल्या मनीला साधी कोंबडीसुद्धा नवी ठरू शकते. मात्र नुसतं उकडलेलं कोंबडं महिनोन्‌महिने चालत नाही. मांजराला टॉरिन लागतं, ते त्याला अंगात पुरेसं बनवता येत नाही, आणि ते कमी पडलं की हृदय सैल होऊन फुगतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं. तेव्हा दोन आठवड्यांनंतरचं खाणं डॉक्टरांना विचारून.

अशक्य ते वेगळंच. मालकिणीने घरात मासळी बंद केली, मान्य. पण मनी घरात किती वेळ असते? शेजारी बोंबील वाळत घातलेले, पलीकडे सुकट पसरलेली, बंदरावर तर लंगरच उघडलेलं. शिवाय प्रत्येक घरात तिला वेगळं नाव आणि वेगळी ताटली. मांजराची आहार-चाचणी म्हणजे मग सगळ्या आळीनेच धरलेलं पथ्य होऊन बसतं. मालकीण घरोघर जाऊन सांगते, मनीला कुणी मासळी देऊ नका गो. सगळ्या माना डोलावतात. तिसऱ्या दिवशी ओट्यावर उलटी, आणि तिच्यात खवले.

‘अगो, डोकंच दिलं नुसतं. अंगाचं कुठे दिलं?’

सरकारने मात्र न विचारता मदत करून ठेवली आहे. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रबंदी असते. माशांनी अंडी घालावीत म्हणून केलेली ही सोय मनीच्या डॉक्टरांच्याही कामाची आहे: या दिवसांत ताजी मासळी जवळपास संपते. जूनमध्ये उलट्या थांबल्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू झाल्या, तर ही माहिती एखाद्या महागड्या तपासणीच्या तोडीची. फक्त पावसाळ्यात घरोघर खारवलेले बांगडे आणि सुकी मासळी निघते, ते विसरता कामा नये.

खाऊ घालून रोग शोधण्याची एक उलटी, भयंकर गोष्ट जपानच्या मिनामाता या किनारी गावात घडली. १९५० च्या दशकात तिथली मासळी खाणारी मांजरं झटके येऊन वेड्यासारखी नाचू लागली, मरू लागली. मागोमाग माणसं. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या चिस्सो कंपनीच्याच रुग्णालयातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये ते सांडपाणी खाण्यात मिसळून मांजराला दिलं. चारशे क्रमांकाचं ते मांजर तसंच आजारी पडलं. विष पाऱ्याचं होतं, आणि कंपनीने प्रयोगाचा निकाल दडवला. तो आजार मेंदूचा, पोटाचा नव्हे. पण किनाऱ्यावरच्या मांजराने काय खाल्लं आणि मग काय झालं, याची वही कुणीतरी ठेवली पाहिजे, हे तिथल्या लोकांना कुणी वेगळं सांगायला नको.

बुरोंडीतली वही म्हणजे शाळकरी पोराची अर्धी कोरी उरलेली. तारीख, काय खाल्लं, उलटी केव्हा, फेस की अन्न, कोंबडीचा तुकडा जसाच्या तसा की पचलेला. पोटाला कळ न देता अलगद बाहेर पडलं तर ती उलटी नव्हे, अन्ननलिकेची तक्रार असू शकते, म्हणून मोबाइलवर चित्रफीतही. वजनाला मासळीचा काटा. पिशवीत घातलेली मनी काट्याला लोंबकळते आणि ज्या नजरेने बघते, ती इथे लिहिण्यासारखी नाही. चार किलोच्या मांजरातून चारशे ग्रॅम जाणं म्हणजे साठ किलोच्या बाईतून सहा किलो जाणं. दोन दिवस तोंडात काहीच गेलं नाही तर वही बाजूला ठेवून दवाखाना गाठावा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, आणि लठ्ठ मांजराच्या आधी.

गोळी देणं ही स्वतंत्र लढाई. पंचा गुंडाळलेली मनी, एकीच्या मांडीत डोकं, दुसरीच्या चिमटीत गोळी. गिळली असं वाटून दोघी उठतात आणि पाच मिनिटांनी ती गोळी कपाटाखाली सापडते. गिळलीच तर वर चमचाभर पाणी द्यावं लागतं, काही गोळ्या कोरड्या घशात चिकटून जखम करतात. त्यामानाने बी-१२ चं इंजेक्शन सोपं. हे जीवनसत्त्व आतड्यात शोषून घ्यायला जे प्रथिन लागतं ते माणसाच्या जठरात बनतं, मांजराच्या मात्र स्वादुपिंडात. म्हणून स्वादुपिंड किंवा आतडं बिघडलं की बी-१२ खाली जातं, भूक मरते, आणि आठवड्याच्या एका टोचणीने कित्येकदा ती परत येते.

अशा रीतीने, थोडं कोंबडीने, थोडं टोचणीने, थोडं समुद्रबंदीने, मनी सुधारते. काटा पुन्हा वर सरकतो. तेव्हा डॉक्टर शेवटची पायरी सांगतात: दुखणं मासळीचंच होतं हे पक्कं करायचं तर आठवडाभर पुन्हा मासळी देऊन बघायला हवं. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे, पण ही पायरी चढायला पुष्कळ घरं तयार नसतात.

‘बरी झालीये ना ती? मग आता परीक्षा कशाला?’

‘त्याशिवाय नक्की काय होतं ते कळणार नाही.’

‘तुम्हाला एवढं कळून घ्यायचं असेल तर आठवडाभर तुमच्याकडे ठेवून घ्या. फरशी मात्र फिनेलने पुसू नका.’

डॉक्टर हसतात आणि कागदावर पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहितात.